छातीत दुखतंय? गॅसची गोळी मागू नका, १०८ लावा

रामबाग, नारायणबाग आणि आसपासच्या आमच्या सर्व ग्राहकांसाठी

नमस्कार. आमच्या औषधांच्या दुकानातून हृदयाच्या गोळ्या नेणारी पुष्कळ मंडळी आहेत. चिठ्ठी डॉक्टरांची असते, पण ही गोळी कशासाठी, मध्येच बंद केली तर चालेल का, हे प्रश्न काउंटरवर निघतात. गर्दीत त्यांची उत्तरं नीट देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक. डॉक्टरांऐवजी नव्हे, त्यांच्याकडे वेळेत पोचता यावं म्हणून ते वाचावं.

सगळ्यात आधी गॅसबद्दल. सकाळी पोहे-जलेबी किंवा रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, खाणं झालं, छातीत जळजळलं, की ‘गॅस झालाय, एक गोळी द्या’ असं म्हणायची आपल्याकडे सवयच आहे. पुष्कळदा तो गॅसच असतो. पण हार्ट अटॅकचं दुखणंही पोटाच्या वरच्या बाजूला, नुसती जळजळ किंवा जडपणा म्हणून जाणवू शकतं, आणि ऐकून त्यातला फरक आम्हाला कळत नाही. छातीवर दाब, आवळल्यासारखं वाटणं, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, दम लागणं, उलटी, यांतलं काही नव्यानं होत असेल आणि शांत बसूनही थांबत नसेल, तर आम्ही गॅसची गोळी देणार नाही. कृपया रागावू नका.

मधुमेही, स्त्रिया आणि वयस्कर यांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखं होतं. घरातली आजी ‘काही नाही रे, थकवा आहे’ म्हणून पडून राहिली असेल, तर तेवढ्यावर विसंबू नका.

घाई कशासाठी, तेही सांगतो. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या नळीत आतून चरबीचा थर साचलेला असतो. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नळी बंद होते. पुढचा स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. नळी पूर्ण बंद असल्याचं त्यात दिसलं, तर तातडीची अँजिओप्लास्टी करतात, म्हणजे बंद नळी आतून फुग्यानं उघडतात. ती १२० मिनिटांच्या आत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून हट्टानं घरी निघू नका. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते, आणि अटॅक कधी कधी तिच्यातच सापडतो.

रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, जिनाही चढायला लावू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करा. ॲस्पिरिन चावून खायला सांगतात ते खरं, पण ॲलर्जी, पोटात रक्तस्राव किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना ते धोक्याचं असतं, म्हणून फोनवर विचारूनच द्या. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट (छातीतल्या कळीवरची गोळी) जिभेखाली ठेवण्याची घाई तर मुळीच नको. तिनं रक्तदाब एकदम खाली येतो. पुरुषांच्या लैंगिक समस्येसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल, तर हा मेळ जिवावर बेतू शकतो. संकोच न करता डॉक्टरांना ते सांगा.

माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ला सांगून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका.

आता स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलेल्यांसाठी. आम्हाला सर्वांत जास्त काळजी याच मंडळींची वाटते. दोन-तीन महिन्यांत बरं वाटू लागतं आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक गुपचूप बंद होते. कधी खर्चामुळे, कधी दात काढायचा आहे म्हणून. अटॅकनंतर या दोन्ही गोळ्या साधारण १२ महिने चालतात, पुढे त्यांतली एक बहुधा कायम. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो नवा, मोठा अटॅक असतो. दात काढायचा असो की मोतीबिंदू, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पैशांची अडचण असेल तर आम्हाला मोकळेपणानं सांगा; त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक गोळी पुष्कळदा मिळते.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. त्याची पंप करण्याची ताकद कमी होते, मग पायांवर सूज येते, आडवं झालं की दम लागतो. यात मीठ फार महत्त्वाचं. इंदुरी माणसाला शेवेशिवाय पोहे गोड लागत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, पण शेव, पापड, लोणचं हातचं राखूनच घ्यावं लागतं. सकाळी उठल्यावर वजन करा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर डॉक्टरांना कळवा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आपल्या मनानं घेऊ नका. त्यांनी अंगात पाणी साठतं.

नाडी वेडीवाकडी चालत असेल, तर पक्षाघाताचा धोका वाढतो. ईसीजी काढून घ्या. कृत्रिम धातूची झडप बसवून वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी) तपासणी चुकवू नये. पालक-मेथी बंद करायची गरज नाही, फक्त रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा.

घरात ७० वर्षांचं किंवा त्याहून मोठं कुणी असेल, तर सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड काढलेलं असू द्या. २०२४पासून त्यांना उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. ऐन वेळी धावपळ नको, म्हणून कार्ड कोणत्या रुग्णालयात चालतं ते आजच विचारून ठेवा.

चालू गोळ्यांची यादी, वेळा आणि ॲलर्जी आम्ही मोठ्या अक्षरांत मराठीत छापून देतो, विनामूल्य. सगळ्या चिठ्ठ्या घेऊन दुपारी २ ते ४च्या दरम्यान या, तेव्हा दुकानात गर्दी कमी असते.