राखेतून झिओलाइट: वाघोलीच्या खाणीपासून पाषाणच्या प्रयोगशाळेपर्यंत

वाघोलीच्या दगडखाणींत सुरुंग लागला की काळ्या कातळाच्या पोकळीतून कधीकधी निळ्याशार स्फटिकांचा गुच्छ बाहेर येतो. हा कॅव्हनसाइट. जगभरचे खनिजसंग्राहक पुण्याला ओळखतात ते मुख्यतः त्याच्यामुळे. तो स्वतः झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांच्या जाळीचे खनिज, नाही. पण ज्या पांढऱ्या-गुलाबी खनिजांवर तो बसलेला असतो, ती स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट मात्र अस्सल झिओलाइट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले, वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे कोमट पाणी कातळातून झिरपत गेले, सिलिका आणि ॲल्युमिना विरघळवत गेले आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेमार्ग खोदताना असे नमुने भरपूर सापडले.

झिओलाइटचे वेगळेपण स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये नोंदवले होते. तापवला की तो फेसाळतो, कारण त्याच्या आत पाणी अडकलेले असते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची ही जाळी. तिची छिद्रे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही बारीक. ॲल्युमिनियममुळे जाळीवर ऋणभार येतो आणि तो भागवायला सोडियम किंवा कॅल्शियम सैलसर धरलेले असते. ते सोडून दुसरा आयन (विद्युतभारित कण) घेता येतो. झिओलाइटची बहुतेक औद्योगिक कामे या दोन गुणांवर चालतात: बारीक छिद्रे आणि आयनांची अदलाबदल.

निसर्गातला झिओलाइट कारखान्याच्या कामाला फारसा एकसारखा मिळत नाही. म्हणून १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये बॅरर यांनी तो कृत्रिमरीत्या बनवला. १९४९ मध्ये अमेरिकेतील युनियन कार्बाइडमध्ये मिल्टन यांनी सोडियमयुक्त अल्कधर्मी जेल साधारण पाण्याच्या उत्कलनबिंदूपर्यंत तापवून ‘झिओलाइट ए’ मिळवला. १९६२ पासून तेलशुद्धीकरणात झिओलाइट उत्प्रेरक आले, १९७०च्या दशकात कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेटची जागा ‘ए’ने घेतली.

पुण्यात हा धागा पाषाणला जुळला. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ हे झिओलाइट उत्प्रेरक घडवले आणि झायलीन (पॉलिस्टरच्या कच्च्या मालासाठी लागणारे रसायन) बनवण्याच्या प्रक्रियेत ते भारतीय कारखान्यात उतरवले. ज्या कातळावर हे शहर उभे आहे त्यातल्याच खनिजाचे हे शास्त्र इथे परिपक्व झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

राख या गोष्टीत आली १९८५ मध्ये. हॉलर आणि विर्शिंग या जर्मन संशोधकांनी दाखवले की औष्णिक वीजकेंद्राची फ्लाय ॲश (धुराबरोबर उडणारी बारीक राख) कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली की झिओलाइट तयार होतो. कारण साधे आहे. कोळशातली माती भट्टीत वितळते, धुराबरोबर वर जाताना झटकन थिजते आणि काचेचे बारीक गोळे बनतात. ही सिलिका-ॲल्युमिनाची काच अल्कलीत सहज विरघळते. कातळात अतिशय संथपणे जे घडले, ते इथे काही तासांत किंवा काही दिवसांत घडते. आपल्या देशी कोळशात राखच ३० ते ४५ टक्के, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने यावर काम केले आहे.

मग हे मोठ्या प्रमाणावर का झाले नाही? राखेतले क्वार्ट्झ आणि म्युलाइट हे न विरघळणारे स्फटिक तसेच मागे उरतात. ते फोडायचे तर राख कॉस्टिकबरोबर ५५० अंशांच्या आसपास वितळवावी लागते, म्हणजे इंधन आले. लोह आणि न जळलेला कोळसा उत्पादन काळपट करतात. प्रत्येक खेपेची राख वेगळी. वापरलेल्या कॉस्टिकच्या पाण्याचीही सोय लावावी लागते.

पण मला दुसरे कारणही तितकेच मोठे वाटते. १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेपासून राखेचा हिशेब टनांत होतो. सुरुवातीला वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांवर राख वापरण्याचे बंधन होते, २००३ मध्ये ते १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाले. म्हणजे नाशिकच्या एकलहरे केंद्राच्या टप्प्यात पुण्याची बांधकामेही आली. सिमेंट, विटा आणि भराव यांत टनावारी राख खपते. झिओलाइटमध्ये थोडीच लागते. टन मोजणाऱ्या नियमाला ते दिसतच नाही.

पुणे जिल्ह्याची स्वतःची राख तर वेगळीच: साखर कारखान्यांच्या बॉयलरची, बगॅस (उसाचा चोथा) जळून उरलेली. हंगामात ती ढिगांनी निघते. तिच्यात सिलिका भरपूर, ॲल्युमिना कमी, त्यामुळे ॲल्युमिना बाहेरून घालावा लागतो आणि न जळलेला कार्बन आधी जाळून काढावा लागतो. यातून तेलशुद्धीकरणाच्या दर्जाचा उत्प्रेरक काढण्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. सांडपाण्यातला अमोनिया पकडायला इतका शुद्ध माल लागत नाही, आणि मुळा-मुठेच्या काठी हे काम समोरच उभे आहे. अमोनिया धरलेला झिओलाइट पुढे शेतात टाकण्याचा विचार झाला, तर त्यातून जड धातू झिरपत नाहीत ना, याची तपासणी मात्र प्रत्येक खेपेला करावी लागेल.