फ्रेंच नाण्यांचे कॅटलॉग: इतकी पुस्तके का लागतात?

जुने फ्रेंच नाणे ओळखायला कोणता कॅटलॉग घ्यायचा, हे ते नाणे कोणी पाडले यावर ठरते. मध्ययुगीन फ्रान्समध्ये नाणी पाडण्याचा हक्क एकट्या राजाकडे नव्हता. मोठे सरदार, बिशप, काही मठही आपापली नाणी पाडत. अभ्यासकांनीही मग तशीच वाटणी केली आणि ती आजपर्यंत टिकली आहे.

फ्रांस्वा ल ब्लांचा राजेशाही नाण्यांवरचा ग्रंथ १६९० चा. पण नाण्याची ओळख सांगताना आजही ज्यांतले क्रमांक दिले जातात ती पुस्तके एकोणिसाव्या शतकापासूनची. सरदारांच्या नाण्यांवर प्वे दाव्हाँचे तीन खंड १८५८ ते १८६२ या काळात निघाले. या विभागात अजूनही त्यांच्याच क्रमांकांचा आधार घेतात. गॉल टोळ्यांच्या नाण्यांसाठी ला तूरचा १८९२ चा अ‍ॅटलास आहे. मेरोव्हिंजियन आणि कॅरोलिंजियन या सुरुवातीच्या राजघराण्यांच्या नाण्यांसाठी मोरिस प्रू यांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या संग्रहाच्या सूची केल्या.

राजांच्या नाण्यांवर ऑफमन (१८७८), सियानी (१९२६), लाफोरी (१९५१ आणि १९५६) आणि दुप्लेसी (१९८८-८९, दुसरी आवृत्ती १९९९) अशी परंपरा चालत आली. एकाच विषयावर पुन्हा पुन्हा पुस्तके लिहावी लागली, कारण नाणी स्वतःबद्दल फार कमी सांगतात. फिलिप तिसरा आणि फिलिप चौथा या दोघांच्याही ‘ग्रो तुर्नुआ’ या चांदीच्या नाण्यावर राजाचे नाव नुसते ‘फिलिपुस रेक्स’. साल नाही, चेहरा नाही, कितवा फिलिप तेही नाही. राजाची छबी आणि क्रमांक नाण्यावर सर्रास येऊ लागले ते राजा दुसऱ्या आंरीच्या १५४९ च्या हुकमानंतर. त्याआधीचे नाणे कोणाचे, हे वजन, चांदीचा कस आणि टांकसाळींना गेलेले हुकूम ताडूनच ठरवावे लागते. हे हुकूम सोल्सी यांनी १८७९ पासून चार खंडांत छापले. माझ्या मते पुढच्या सगळ्या कॅटलॉगांचा खरा आधार हेच कष्टाचे काम आहे.

नाणे कोणत्या टांकसाळीचे हे शोधायची रीतही काळाप्रमाणे बदलते. १३८९ पासून नाण्याच्या कडेने गोल लिहिलेल्या मजकुरातल्या ठरावीक अक्षराखाली एक बारीक ठिपका देत: अठराव्या अक्षराखाली असेल तर पॅरिस, पंधराव्याखाली रुआँ, सहाव्याखाली तूर. झिजलेल्या नाण्यावर तो भिंगाखालीही सहज नजरेतून सुटतो. १५४० मध्ये अक्षरे ठरली, ‘ए’ पॅरिसचे आणि ‘डी’ लिऑंचे, आणि काम बरेच सोपे झाले.

चौदाव्या लुईच्या काळात गुंता पुन्हा वाढला. १६८९ पासून जुनी नाणी परत मागवून, न वितळवता, त्यांच्यावरच नवा ठसा मारला जाऊ लागला. खालचा जुना छाप डोकावतो आणि एका नाण्यात दोन प्रकार दिसतात. अशा वेळी वरच्या छापावरूनच कॅटलॉगात शोधावे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या नाण्यांसाठी व्हिक्टर गादूरीचा १९७३ पासून निघणारा कॅटलॉग सर्वांत सोयीचा. तरी ‘आन १२’ म्हणजे क्रांतीच्या पंचांगाचे बारावे वर्ष, १८०३-०४, हे माहीत हवे. दर्शनी बाजूला सम्राट नेपोलियन आणि मागे ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ पाहून नाणे बनावट समजू नये. १८०८ पर्यंत तसेच पाडत होते.

आपल्याकडे अनेक संग्राहक आधी क्राउझचा जागतिक कॅटलॉग उघडतात. त्यात १६०१ पूर्वीची नाणी नाहीत, त्यामुळे मध्ययुगीन फ्रेंच नाणे घेऊन तिथे शोधण्यात वेळच जातो. पाँडिचेरीच्या नाण्यांना मात्र तो उपयोगी आहे. अर्काटच्या नवाबाने १७३६ मध्ये फ्रेंचांना रुपये पाडायची परवानगी दिली. त्या रुपयांवर फारसी मजकूर, मोगल बादशहाचे नाव आणि चंद्रकोरीची खूण असते; फ्रेंच अक्षर एकही नाही. दुप्लेसीत ते मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी वसाहतींच्या नाण्यांवरचा झे यांचा १८९२ चा ग्रंथ पाहावा. स्वामित्वहक्क संपल्यामुळे झे, ऑफमन आणि प्वे दाव्हाँ हे तिघेही आता स्कॅन रूपात फुकट वाचता येतात.