पक्षी छायाचित्रण व वर्तन-निरीक्षण (पुणे परिसर)

मोकळ्या पक्ष्यांना त्यांच्या अधिवासात टिपणे आणि ते करता करता त्यांच्या वागण्याची नोंद ठेवणे, असा हा जोडछंद. पुण्यात डिजिटल कॅमेरा आल्यावर तो फोफावला. नोंदवहीची बाजू मात्र त्या मानाने लंगडीच राहिली.

शहराला घाट, माळ, नदी, तलाव सगळेच जवळ आहे. सोलापूर रस्त्यावरील कवडीपाट येथे मुळा-मुठेचे पाणी काळे आणि फेसाळ असले, तरी हिवाळ्यात चक्रवाक, शेकाटे तिथेच गर्दी करतात. सुमारे शंभर किलोमीटरवरचे भिगवण म्हणजे भीमेवरील उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी. कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमार होडीतून रोहित आणि चित्रबलाक दाखवायला नेतात. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तक आणि पावसाच्या तोंडावर नवरंग दिसतो. धाविक आणि चंडोल पाहायचे तर बारामती तालुक्यातील सुप्याचा माळ गाठावा.

वर्तन पाहायला दुर्मीळ पक्षीच हवा असे नाही. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध बहुधा चार अंडी घालते. भर उन्हाळ्यात ती पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवते आणि तशीच ओल्या अंगाने येऊन अंडी गार करते. माणूस दिसला तर सरळ घरट्याकडे येत नाही; चार पावले चालते, थबकते, भलतीकडेच वळते. एकच फोटो काढून पुढे सरकणाऱ्याला यातले काही कळत नाही. पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सुगरण पक्ष्यांवर ठाण मांडले, तेव्हा एकच नर एकामागून एक घरटी विणून अनेक माद्यांशी जोडी जमवतो हे उलगडले. ते काम चिकाटीचे होते, लेन्सचे नव्हे.

साधने थोडक्यात: ४०० ते ६०० मिमी लेन्स, उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या सुमारे १/२००० इतका शटर वेग, मातकट कपडे आणि जमल्यास लपण (आड बसायचा छोटा तंबू किंवा आडोसा). कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आणला, तर साधी साळुंकीही देखणी दिसते.

घरट्यावरचे फोटो हा या छंदाचा सर्वांत वाईट भाग. आड येणारी फांदी छाटली की पिल्ले उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते, हे अनेकांच्या गावीही नसते. ध्वनिमुद्रित साद वाजवून विणीच्या काळात नराला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावणेही त्याच माळेतले.

तारीख, जागा आणि पक्षी काय करत होता एवढे टिपलेला फोटो 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरील नोंदीला जोडता येतो. त्यासाठी चित्र सुबक लागत नाही. ओळख पटेल इतपत 'रेकॉर्ड शॉट' पुरतो. घरट्याचे नेमके ठिकाण मात्र गटांवर टाकू नये.