पेशी कधी थांबते, कधी मरते: कर्करोग संशोधनाची पार्श्वभूमी

गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. पेशी वाढवून, जपून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवण्याची सोय म्हणून १९८०च्या दशकात त्याची सुरुवात झाली. आजही इथून गोठवलेल्या पेशी मागवल्या जातात. अशा मानवी पेशींमध्ये सगळ्यांत जुन्या म्हणजे हेला पेशी. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, त्या घेतल्या गेल्या. त्यांच्यावरचा एक प्रयोग आपल्याकडे फार कमी सांगितला जातो.

मूळचे आंध्रचे पोटू नरसिंह राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० साली अमेरिकेत पेशीचक्राच्या, म्हणजे डीएनएची प्रत काढून एका पेशीच्या दोन होण्याच्या फेरीच्या, वेगवेगळ्या टप्प्यांतल्या हेला पेशी एकमेकींत विलीन केल्या. डीएनएची प्रत काढण्यात गुंतलेल्या पेशीशी जोडताच, त्या टप्प्यावर अजून न पोहोचलेलं केंद्रकही प्रत काढू लागलं. ज्याची प्रत आधीच निघाली होती, ते मात्र पुन्हा त्या कामाला लागलं नाही. विभागणाऱ्या पेशीशी जोडलेल्या केंद्रकातली गुणसूत्रं तर वेळेआधीच आखडली. केंद्रकाला पुढच्या टप्प्यात ढकलणारं काहीतरी पेशीद्रवात फिरत होतं.

ते काय, हे शोधायला पुढची सतरा वर्षं गेली. लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टमधली, बिघडली की चक्र अडतं अशी जनुकं हुडकली. टिम हंट यांना १९८२ साली सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांत सायक्लिन हे प्रथिन सापडलं. प्रत्येक विभाजनाबरोबर ते साठतं आणि एकदम नाहीसं होतं. पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत १९८७ साली चक्राचं जनुक बिघडून अडलेल्या यीस्टमध्ये माणसाचं तेच जनुक घातलं आणि यीस्ट विभागू लागलं. पेशीला विभाजनाकडे ढकलणारं ते काहीतरी म्हणजे या जनुकाचं प्रथिन आणि सायक्लिन यांची जोडी. या तिघांना २००१चं नोबेल मिळालं. राव आणि जॉन्सन यांचं नाव त्यांच्याबरोबर घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मृत्यूची कथा वेगळ्याच वाटेने आली. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली सूज न येता, आक्रसून, तुकड्यांत मोडून मरणाऱ्या पेशींचं वर्णन केलं आणि त्या मरणाला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. बरीच वर्षं त्याकडे फार कोणी पाहिलं नाही. मग सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत नेमका हिशेब लागला: वाढताना १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात. तोवर कर्करोग म्हणजे बेसुमार वाढ, एवढंच बहुतेकांच्या मनात होतं. १९८८ साली मेलबर्नमध्ये व्हॉक्स, कोरी आणि ॲडम्स यांनी दाखवलं की लिम्फोमात, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगात, सापडणारं बीसीएल-२ जनुक पेशीला विभागायला लावत नाही; ते तिला मरू देत नाही. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यांत मोठं वळण हेच. चार वर्षांनी हे मानवी जनुक कृमीत घातलं, तर तिथल्याही मरणाऱ्या पेशी वाचल्या.

दोन्ही वाटा पी५३ या प्रथिनापाशी मिळतात. डीएनएला इजा झाली की ते चक्र रोखतं, आणि इजा फार असेल तर पेशीला मरणाकडे नेतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत त्याचंच जनुक बिघडलेलं असतं.

यातून आलेली ही दोन औषधं. बीसीएल-२ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं. त्याआधी, २०१५ साली, सायक्लिनच्या जोडीदार प्रथिनांना अडवून पेशीचं चक्र थांबवणारं, स्तनांच्या कर्करोगावरचं पाल्बोसिक्लिब आलं होतं. त्याचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३मध्ये संपलं आणि इथल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळू लागल्या. ही गोळी तीन आठवडे घेऊन एक आठवडा बंद ठेवतात, आणि घरचे हमखास विचारतात की खंड का पाडायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतल्या पेशीही त्याच प्रथिनांच्या जोरावर विभागतात, म्हणून गोळी चालू असताना पांढऱ्या पेशी घटतात. पण अस्थिमज्जेतल्या त्या पेशी बहुतांशी मेलेल्या नसतात, थांबलेल्या असतात. बंद आठवड्यात त्यांचं चक्र पुन्हा सुरू होतं आणि पांढऱ्या पेशींची संख्या वर येते.