खान्देशातील दुर्मीळ मासे : अभ्यास व संवर्धन

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील नद्या, डोह आणि जलाशयांत राहणाऱ्या, संख्येने घटलेल्या देशी माशांची ओळख पटवणे, त्यांच्या जागा नोंदवणे आणि त्या राखणे, असे या कामाचे स्वरूप आहे. खान्देशाला किनारा नाही. इथल्या बाजारात पापलेट बर्फातून येते आणि बोंबील सुकून येतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा ठरवले. खान्देशापुरते विचारले असते, तर तो मान बहुधा खडशीला, म्हणजे महाशीर माशाला, मिळाला असता.

प्रदेशाची मुख्य नदी तापी. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई आणि उत्तरेकडून सातपुड्यातल्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई अशा नद्या तिला मिळतात. नंदुरबारच्या अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांची उत्तर सीमा मात्र नर्मदेची आहे. म्हणजे माशांच्या हिशेबात खान्देशात दोन खोरी येतात. अभ्यासकाने नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसते ‘सातपुडा’ लिहिले, तर मासा कोणत्या खोऱ्यातला हे पुढे कोणालाच कळत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा जो पट्टा आहे, त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. डोंगरातून खळाळत आलेली नदी या पट्ट्यावर आली की तिचे पाणी खाली मुरते. पाऊस ओसरला की पायथ्याला कोरडे पात्र, वर डोंगरात मात्र एकामागून एक डोह, असे दृश्य दिसते. यावल-रावेर भागातल्या केळीच्या बागांना या मुरलेल्या पाण्याने जगवले, पण उपसा वाढत गेला, भूजल खोल गेले आणि पात्रातले झिरेही लवकर आटू लागले. वरच्या डोहांतले मासे तापीपासून वर्षाचे कितीतरी महिने तुटलेले असतात. मार्च ते जून हे त्यांच्यासाठी खरे संकट. डोह टिकला तर मासा टिकतो. डोह आटला तर पुढच्या पावसात नदीला पूर येईल, पण चढायला मासा उरलेला नसेल.

या माशांत सर्वांत चर्चा होते ती खडशीची. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, जाड ओठ, मोठाले खवले आणि अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेवर साधारण २२ ते २८ खवले, ही तिची ढोबळ ओळख. जात ठरवताना मात्र गोंधळ होतो. नर्मदा-तापी खोऱ्यांतली खडस सामान्यतः टॉर टॉर समजली जाते. हिचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये महानंदा नदीतल्या माशावरून केले. दख्खनच्या नद्यांतली टॉर खुद्री कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवली. जुन्या कसोटीनुसार टॉर टॉरच्या डोक्याची लांबी शरीराच्या उंचीपेक्षा कमी भरते, तर खुद्रीत दोन्ही जवळपास सारखी असतात. पण लहान पिल्लांत हे माप फसवते आणि ओठांची जाडी तर एकाच जातीत कमीजास्त होते. म्हणून आता मापांच्या जोडीला पराचा (पोहण्याच्या पंखाचा) छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासला जातो आणि मासा पाण्यात परत सोडता येतो. पूर्वी प्रत्येक नमुना फॉर्मालिनच्या बरणीतच जाई. दुर्मीळ माशाचा अभ्यास करताना तोच मासा मारायचा, हे कोडे निदान काही अंशी तरी सुटले आहे.

खडस पावसाळ्यात वाहत्या, स्वच्छ पाण्यात दगडगोट्यांवर अंडी घालते आणि सावकाश वाढते. वाळू-गोट्यांचा उपसा, गाळ आणि साचलेले पाणी या तिन्हींचा फटका तिला थेट बसतो. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेची पाहणी केली, तेव्हा महाशीर हा तिथल्या पकडीतला महत्त्वाचा मासा होता. आज नंदुरबारच्या नर्मदाकाठी सरदार सरोवराचा फुगवटा आहे. २०१९ मध्ये ते १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि जिथे खळाळ होते तिथे आता संथ, खोल पाणी आहे.

खडशीच्या मोठेपणामुळे लहान माशांकडे दुर्लक्ष होते, ही या विषयातली जुनी खोड आहे. डोंगरी ओहोळांत दगडाला चिकटून राहणारा मल्या, वाळूत लपणारी मुरी, अशा बोटभर माशांना बाजारात किंमत नाही, म्हणून पकडीच्या आकड्यांत ते येतच नाहीत. ओहोळ बिघडल्याची खूण मात्र हेच आधी देतात. मोठ्या माशांत वालागो अट्टू हा रुंद तोंडाचा, मिशावाला शिकारी मासा आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित गटात आहे. देशी मागूर त्याहून वरच्या, संकटग्रस्त गटात. त्याच्या जागी बाजारात दिसतो तो आफ्रिकी मागूर. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० मध्येच बंदी घातली, तरी तो चोरीछुपे पाळला जातो, आणि पुरात तळे फुटले की नदीत उतरतो. १९५२ मध्ये भारतात आणलेली मोझांबिकची तिलापिया आणि तिची भावंडे आता सर्रास ‘चिलापी’ म्हणून विकली जातात.

धरणांनी तापीचे रूप बदलले. हतनूर येथे ४१ दरवाजांचे धरण आहे. त्याच्या फुगवट्याचे पक्ष्यांसाठी नाव झाले, तिथल्या माशांकडे पाहायला फारसे कोणी गेले नाही. त्याखाली प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे असे बॅरेज झाले. गुजरातेत काकरापार बंधारा १९५० च्या दशकात आणि उकाई धरण १९७२ मध्ये झाले. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढणारा पाला (हिल्सा) आणि समुद्रात जन्मून नदीत वाढणारी अहीर यांच्यासारख्या माशांना या भिंती ओलांडता येत नाहीत. अहीर आणि काटेरी पाठीची वाम यांचे जन्मवृत्त वेगळे आहे. वाम आयुष्यभर गोड्या पाण्यात राहते, त्यामुळे दोन्हींची नोंद ‘सापासारखा मासा’ म्हणून एकत्र करणे चुकीचे.

दुसरा घाव माणसांच्या हातचा. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात ओढ्याने वर निघणाऱ्या चढणीच्या माशांना अडवून पकडण्याची हौस जुनी आहे. तेव्हा जाळ्यात येणारी मादी अंड्यांनी भरलेली असते. हिंगणबेट किंवा गेळ्याची फळे ठेचून डोहात टाकण्याची रीतही आदिवासी भागांत पूर्वापार आहे. तिचा परिणाम थोड्या पाण्यापुरता आणि थोड्या वेळापुरता राहतो. ब्लीचिंग पावडर, विहिरीच्या सुरुंगाची कांडी आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचा करंट यांना ही तुलना लागू नाही. करंट दिला की हाताएवढी खडस आणि नखाएवढे पिल्लू एकदम उलटे होते. वेचून नेली जाते ती खडस. विष आणि स्फोटके वापरून मासेमारी करणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. अडचण कायद्याची नसून, डोंगरातल्या डोहावर रात्री कोण जाणार, याची आहे.

संवर्धन म्हणून सर्वांत जास्त काय होते, तर मत्स्यबीज सोडले जाते. जलाशय मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ व सायप्रिनसची बोटुकली (बोटभर पिल्ले) टाकली जाते. भोई व कोळी कुटुंबांच्या पोटासाठी ते रास्तच आहे, पण दुर्मीळ माशांच्या खात्यात ते जमा धरू नये. खुद्द खडशीचे बीजही जपून वापरायचे असते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरचे कृत्रिम प्रजनन होते, आणि तंत्र म्हणून ते काम मोलाचे आहे. पण कावेरीत बाहेरून आणलेली टॉर खुद्री पसरली आणि तिथली मूळची कुबडी महाशीर इतकी मागे हटली की २०१८ मध्ये तिला अतिसंकटग्रस्त ठरवावे लागले. तापीच्या उपनद्यांत दख्खनी बीज सोडण्याआधी हे उदाहरण समोर ठेवायला हवे.

संरक्षणाची चौकट तयार आहे, पण ती माशांपर्यंत पोचलेली नाही. १९६९ चे यावल अभयारण्य आणि १९८६ चे अनेर धरण अभयारण्य ही दोन्ही सातपुड्यातल्या नद्यांवर आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणीगणना होते. त्याच पाणवठ्यात पोहणाऱ्यांची दखल त्या तक्त्यात नसते. मे महिन्यात मोजके कायम डोह तपासणे, त्यांतला उपसा थांबवणे आणि जून-जुलैत चढणीच्या वाटा मोकळ्या ठेवणे, एवढे जरी वनखात्याने व ग्रामसभांनी धरले, तरी लाखो बोटुकल्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. तिच्या माशांच्या पानावर स्थानिक नाव, मोजपट्टीसह फोटो, पात्र वाहते होते की साचलेले, महिना आणि वापरलेले जाळे एवढे उतरवले, तरी विद्यापीठातल्या किंवा पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या अभ्यासकाला त्यावर काम करता येते. १९७२ च्या दुष्काळातही कोणत्या डोहात पाणी होते, हे सांगणारे भोई, भिल्ल आणि पावरा म्हातारे अजून हयात आहेत. नोंदवहीची पहिली पाने त्यांना विचारून भरावीत.