फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आणि संगणकाच्या चुका

ऑक्टोबर 2024 मध्ये ‘फ्लायवायर’ या शास्त्रज्ञांच्या गटाने प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील 1,39,255 चेतापेशी आणि त्यांच्यातील सुमारे 5 कोटी जोडण्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. 1986 मध्ये एका सूक्ष्म कृमीच्या अवघ्या 302 चेतापेशींचा नकाशा हाताने तयार झाला होता व त्याला दशकाहून अधिक काळ लागला होता. खसखशीच्या दाण्याएवढ्या या मेंदूसाठी ती पद्धत चालणारच नव्हती.

माशीच्या मेंदूचे सुमारे 40 नॅनोमीटर जाडीचे सात हजारांहून अधिक काप करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांत पेशींची आवरणे स्पष्ट दिसतात. खरी अडचण एका कापातील ठिपका, म्हणजे पेशीच्या तंतूचा छेद, पुढच्या कापातील कोणत्या ठिपक्याशी जुळतो, हे ठरवण्याची आहे. काही तंतू 50 नॅनोमीटरपेक्षाही बारीक असतात आणि काप कधी दुमडतात, कधी फाटतात. म्हणून आधी सगळी छायाचित्रे एकमेकांशी नीट जुळवून घेतली जातात. मग प्रशिक्षित संगणकप्रणाली शेजारशेजारचे बिंदू एकाच पेशीतले असण्याची शक्यता मोजते आणि त्या आधारे बिंदूंचे तुकडे व तुकड्यांच्या पेशी जोडत जाते.

येथे दोन प्रकारच्या चुका होतात: एकाच पेशीची फांदी तुटून वेगळी पडते किंवा दोन निराळ्या पेशी एकमेकींना चिकटतात. माझ्या मते दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण तुटलेल्या फांदीमुळे नकाशा अपुरा राहतो, पण चुकीच्या जोडणीमुळे मेंदूत मुळात नसलेला मार्ग नकाशात उमटतो आणि त्यावर बेतलेले निष्कर्षही फसतात.

त्यामुळे फळमाशीच्या नकाशातील पेशी माणसांनी तपासून दुरुस्त केल्या. अनेक प्रयोगशाळांतील संशोधक आणि हौशी स्वयंसेवक यांनी मिळून केलेले हे काम एकट्या व्यक्तीला करायचे असते, तर सुमारे 33 वर्षे लागली असती. संगणकाने ठरवलेले मूळ लहान तुकडे तसेच ठेवून केवळ त्यांच्यातील जोडण्या बदलण्याची सोय केलेली असल्यामुळे एकाने केलेली दुरुस्ती इतरांना लगेच दिसत असे. या रचनेशिवाय इतक्या लोकांनी एकाच वेळी काम करणे अशक्य होते, असे मला वाटते.

2025 मध्ये उंदराच्या दृष्टिकेंद्रातील सुमारे एक घन मिलिमीटर भागाचाही नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात 50 कोटींहून अधिक जोडण्या आहेत, मात्र माणसांनी तपासलेल्या पेशी त्यातील थोड्याच आहेत. उंदराचा संपूर्ण मेंदू त्या भागाच्या सुमारे 500 पट मोठा असतो.