झुडूप कधी सोडायचं, हे कळणारा मेंदू

संगणकाच्या पडद्यावर फळांनी लगडलेलं एक झुडूप. कर्सर त्यावर नेला की फळं तोडली जातात, पण दर खेपेला आधीपेक्षा थोडी कमी. दुसऱ्या झुडपाकडे जायचं तर वाटेत वेळ मोडतो. एकूण वेळ आठच मिनिटं. मग आहे तेच झुडूप ओरबाडत बसायचं, की पुढे सरकायचं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डेव्हिड बराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५७ जणांना हा खेळ ऑनलाइन खेळायला दिला आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळणाऱ्यांकडून एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या स्थितीच्या, लक्षणांची प्रश्नावलीही भरून घेतली होती. ज्यांच्या उत्तरांत ही लक्षणं ठळक दिसली, ते झुडूप लवकर सोडत होते. शाळेत यालाच आपण ‘एक धड पुरं करत नाही’ म्हणतो. इथे मात्र त्यांनी सरासरी ६०२ फळं जमवली, बाकीच्यांनी ५२१.

असं का झालं? एरिक चारनॉव्ह या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये चरणाऱ्या, फळं टिपणाऱ्या प्राण्यांसाठी एक गणित मांडलं होतं. हातातल्या जागेची मिळकत त्या सगळ्या परिसराच्या सरासरीइतकी खाली आली, की तिथून निघावं. माणसं सहसा या क्षणानंतरही रेंगाळतात. खेळातही लोक एकंदरीत रेंगाळले, फक्त लक्षणं असलेले कमी रेंगाळले. त्यांची चुळबुळ त्यांना गणिताच्या उत्तराजवळ घेऊन गेली. या मंडळींचं रीतसर निदान झालेलं नव्हतं, प्रश्नावलीवरून अंदाज बांधला होता, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. एखादा स्वभाव दोष ठरतो की गुण, हे समोर काम कोणतं आहे यावर किती अवलंबून असतं, ते त्यात आकड्यांनिशी दिसतं.

उत्तर केनियातल्या अरियाल समाजाचा दाखला याच अंगाने जातो. त्यांच्यातले काहीजण आजही गुरं घेऊन भटकतात, काहीजण गावात स्थिरावले आहेत. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाशी निगडित एका जनुकाचा एक प्रकार एडीएचडीशी जोडला जातो. २००८ मध्ये डॅन आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तो इथल्या पुरुषांमध्ये तपासला. भटक्यांपैकी ज्यांच्यात हा प्रकार होता, ते इतर भटक्यांपेक्षा अंगाने भरलेले होते. स्थिरावलेल्यांमध्ये नेमकं उलट, हा प्रकार असलेलेच जास्त कृश. अभ्यास छोटा आहे आणि एडीएचडीमागे एक नाही, असंख्य जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, त्यामुळे याच्यावर इमले बांधू नयेत. पण बैठी शाळा आणि बैठं ऑफिस मानवजातीच्या इतिहासात अगदी कालपरवाचं आहे, हेही विसरता येत नाही.

आता वर्गात येऊ. ‘पायाला भिंगरी आहे नुसती’ हे वाक्य अशा मुलांच्या आईबापांनी हजारदा ऐकलेलं असतं. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हीच भिंगरी बारकाईने मोजली. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना पडद्यावर उलटसुलट क्रमाने आकडे आणि एक अक्षर दाखवायचं. त्यांनी ते लक्षात ठेवून आकडे चढत्या क्रमाने सांगायचे, अक्षर शेवटी. तेवढ्या वेळात कॅमेरा त्यांचं पाय हलवणं, खुर्चीत वळवळणं, सगळं टिपत होता. एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलत होती, तितकी त्यांची उत्तरं चांगली येत होती. इतर मुलांचं हलण्याने उलट बिघडत होतं. म्हणजे ‘आधी नीट बस, मग विचार कर’ ही सूचना काही मुलांच्या बाबतीत त्यांच्या विचारावरच घाला घालते. हे वाचल्यावर वर्गात मागे उभं राहून गणित सोडवू देणारे शिक्षक मला फार आपलेसे वाटू लागले.

मेंदूची वाढही बघण्यासारखी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले फिलिप शॉ यांनी २००७ मध्ये शेकडो मुलांच्या मेंदूचे स्कॅन तुलनेला घेतले. मेंदूच्या बाह्य थराची जाडी बऱ्याचशा भागात कमाल पातळीला पोचण्याचं वय इतर मुलांमध्ये साधारण साडेसात होतं, एडीएचडी असलेल्यांमध्ये साडेदहा. वाढीचा क्रम मात्र बराचसा तोच. उशीर सर्वांत जास्त कपाळामागच्या भागात, जिथे लक्ष आणि संयम सांभाळला जातो. हालचालींचा भाग तर थोडा आधीच तयार झालेला.

एडीएचडीच्या चांगल्या बाजूबद्दल ऐकून काही पालक मुलाचं औषध बंद करायला निघतात, याची मला खरोखर काळजी वाटते. एडीएचडीमुळे होणारा त्रास खरा असतो: अर्धवट सुटलेलं शिक्षण, तुटलेली नाती, रस्त्यावरचे अपघात. स्वीडनमध्ये सतरा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघातांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलेलं दिसलं. ऑलिम्पिक जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तिला एडीएचडी आहे, लहानपणापासून ती औषध घेते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. गुण ओळखणं आणि गोळी घेणं या दोन्ही गोष्टी एका घरात सुखाने नांदू शकतात.

मुलींचा प्रश्न वेगळा. त्या पुष्कळदा धावत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना ‘वेंधळी’ म्हणून सोडून दिलं जातं आणि निदान होतं ते तिशी-चाळिशीत, कधीकधी स्वतःच्या मुलाला डॉक्टरांकडे नेल्यावर.

ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२५ मध्ये एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या प्रौढांना स्वतःच्या बलस्थानांबद्दल विचारलं. आवडत्या कामात देहभान हरपून बुडणं, विनोदबुद्धी आणि कल्पकता या गोष्टी एडीएचडी असलेल्यांनी जास्त ठामपणे आपल्या म्हटल्या. दोन्ही गटांत ज्यांना आपली बलस्थानं ठाऊक होती आणि जे ती वापरत होते, त्यांचं आयुष्य जास्त समाधानाचं होतं. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना तक्रारींच्या यादीखाली आणखी एक ओळ लिहून न्या: कोणीही न सांगता हे मूल तासभर कशात रमतं?